प्रश्नावली सगळ्यात आधी नको: कारखान्यात कर्मचारी बांधिलकीचं काम कोणत्या क्रमाने करावं

जळगाव, धुळे, शिरपूर, नारडाणा. या पट्ट्यातल्या ज्या कारखान्यांत मी या कामासाठी जातो, तिथे बहुतेक ठिकाणी एक गोष्ट माझ्या आधीच घडून गेलेली असते. कोणीतरी इंटरनेटवरून तीस प्रश्नांचा फॉर्म उतरवून घेतलेला असतो. तो वाटून गोळा केलेला असतो आणि गठ्ठा कपाटात पडलेला असतो. मग मला विचारतात, "फॉर्मवर तर सगळं छान लिहिलंय, मग माणसं टिकत का नाहीत?"

ही चूक मी स्वतः केलेली आहे. चटईच्या एका कारखान्यात मी फॉर्म वाटायचं काम पाळीच्या सुपरवायझरांवर सोपवलं. दोन दिवसांत सगळे फॉर्म परत आले. चाळायला बसलो तेव्हा लक्षात आलं की चाळीसेक फॉर्मवर खुणा एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या होत्या. एका हेल्परला बाजूला घेऊन विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "बठ्ठं (सगळं) चांगलं शे (आहे), साहेब." त्याच महिन्यात रात्रपाळीची अकरा माणसं काम सोडून गेली. फॉर्मवर त्यातलं एक अक्षरही नव्हतं.

प्रश्नावली वाईट नसते, ती चुकीच्या वेळी येते. खाली दिलेला क्रम पन्नास ते पाचशे माणसांच्या कारखान्याला लागू पडतो. पहिल्यांदा करत असाल तर एकही पायरी गाळू नका.

## सुरुवातीला: आपण नेमकं काय मोजतोय

समाधान आणि बांधिलकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार वेळेवर होतो, साहेब ओरडत नाही, घर जवळ आहे, म्हणून माणूस समाधानी असू शकतो आणि तरीही मशीनचा आवाज बदललेला ऐकून न ऐकल्यासारखं करू शकतो. बांधिलकी असलेल्या माणसात तीन गोष्टी दिसतात: कामात जोर असतो, कामाबद्दल ओढ असते, आणि काम करताना त्याचं लक्ष कामात असतं. हजेरी भरणं म्हणजे बांधिलकी नव्हे.

कारखान्याच्या परिणामकारकतेशी याचा संबंध कुठे येतो? ठरलेला माल, ठरलेल्या दर्जाचा, ठरलेल्या दिवशी, कमी रद्दीत (खराब निघून वाया गेलेल्या मालात) आणि कोणाला इजा न होता बाहेर पडतो का, तिथे. २००२ साली हार्टर, श्मिट आणि हेज या अभ्यासकांनी ३६ कंपन्यांमधल्या ७,९३९ विभागांची माहिती एकत्र तपासली. बांधिलकी जास्त असलेल्या विभागांत ग्राहकांचं समाधान, उत्पादकता आणि नफा जास्त, तर माणसं सोडून जाणं आणि अपघात कमी, असा संबंध त्यांना दिसला. पण हा संबंध दोन्ही दिशांनी चालतो हे विसरू नका. जिथे काम सुरळीत चालतं, कच्चा माल वेळेवर येतो, मशीन बंद पडत नाही, तिथे माणसाचं मनही लागतं. म्हणूनच कामातले अडथळे काढणं हेच बांधिलकीचं पहिलं काम आहे. स्नेहसंमेलन, टी-शर्ट आणि वाढदिवसाचा केक नंतर.

## पायरी १: आजचे आकडे कागदावर उतरवा

मागच्या तीन महिन्यांचे पाच आकडे खातेनिहाय (विभागवार) आणि पाळीनिहाय काढा.

पहिला, गैरहजेरी. समजा १२० माणसं आहेत आणि महिन्यात कामाचे दिवस २६. म्हणजे ३,१२० मनुष्यदिवस. मस्टरवर (हजेरीपटावर) न सांगता बुडवलेले २८१ दिवस निघाले, तर २८१ भागिले ३,१२० गुणिले १००, म्हणजे ९ टक्के. मंजूर रजा यात मिसळू नका.

दुसरा, गळती. महिन्यात सोडून गेलेली माणसं भागिले त्या महिन्याचा सरासरी पट. पण पहिल्या ९० दिवसांत गेलेले वेगळे मोजा आणि दोन वर्षांनंतर गेलेले वेगळे. नवीन माणूस पळतो तेव्हा भरती करताना सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत तफावत असते, किंवा पहिल्या आठवड्यात त्याला कोणी विचारलेलं नसतं. जुना माणूस जातो तेव्हा कारण बहुतेक वेळा वरिष्ठात, पगारात किंवा शब्द न पाळण्यात असतं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

तिसरा, रद्दी आणि परत आलेला माल, किलोत. चौथा, छोट्या इजा: बोट कापणं, चटका बसणं, डोळ्यात कण जाणं. प्रथमोपचार पेटीतली पट्टी कितीदा संपली यावरूनही अंदाज येतो.

पाचवा आकडा बहुतेकांकडे नसतोच, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: माणसांनी आपणहून किती बिघाड सांगितले आणि त्यातले किती दुरुस्त झाले. आज नोंद नसेल तर शून्य लिहा आणि आजपासून वही सुरू करा.

इशारा: खान्देशातला एखादा महिना एकटा उचलून निष्कर्ष काढू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, गावोगाव झोके बांधले जातात, आणि शेतावर सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) वर्षही तेव्हाच संपून नवं सुरू होतं. होळीला धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं सातपुड्यात घरी जातात आणि आठवडाभर तरी परतत नाहीत. श्रावणात कानबाईचा सण, मग पोळा, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. या दिवसांत हजेरी पडते ती बांधिलकी घटली म्हणून नव्हे. आकडा मागच्या वर्षीच्या त्याच सणाच्या महिन्याशी ताडून बघा. आणि पुढच्या वर्षी रजांचं वेळापत्रक आखाजीच्या महिनाभर आधी माणसांबरोबर बसून ठरवा. एवढ्यानेही न सांगता बुडवलेले दिवस कमी होतात.

## पायरी २: फुटकं आधी सांधा

ही पायरी लोक गाळतात, आणि इथेच सगळं काम फसतं. ज्याला पगाराच्या तारखेची खात्री नाही, त्याला "या कंपनीत तुमचं भविष्य दिसतं का" हे विचारणं त्याचा अपमान आहे.

पगार. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. या दोन गोष्टी कायद्याच्या आहेत, मेहेरबानीच्या नाहीत. मागच्या सहा महिन्यांत पगार प्रत्यक्षात कोणत्या तारखेला जमा झाला ते बँकेच्या नोंदीवरून काढा. १०, १४, ८, २१ अशी यादी निघाली तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी हे सोडवा. पैशाची अडचण खरीच असेल तर एक तारीख जाहीर करा आणि ती पाळा. अनिश्चित तारखेमुळे माणूस किराणा दुकानदारासमोर खोटा पडतो. तो राग तो मालावर काढत नाही, पण मालाची काळजी करणंही सोडतो.

पगारपत्रक. हातात कागद द्या किंवा मोबाइलवर पाठवा, पण कपात कशाची झाली ते मराठीत लिहा. उचल घेतली असेल तर किती फिटली आणि किती बाकी, हेही. उचलीचा हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत असणं हे अविश्वासाचं मोठं कारण आहे.

ठेकेदाराची माणसं. "ती आपली नाहीत" असं म्हणून चालणार नाही. मशीनवर तीच उभी असतात. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर येते. ठेकेदाराचं बिल मंजूर करण्याआधी त्याच्या पगारवाटपाचा आणि भविष्यनिर्वाह निधी भरल्याचा पुरावा बघा. शक्य असेल तर दोन-चार माणसांना फोनवर पीएफची नोंद उघडून दाखवायला सांगा.

पाणी, सावली, संडास. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एक्सट्रूडरजवळ (प्लास्टिक वितळवून आकार देणाऱ्या मशीनजवळ) काय होत असेल ते ऑफिसात कूलरसमोर बसून कळत नाही. एक काम करा. मेमधल्या दुपारी दोन वाजता, दुसरी पाळी सुरू होताना, सगळ्यात लांबच्या मशीनपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत चालत जा आणि घड्याळ लावा. मी एका ठिकाणी असं चाललो तेव्हा जाऊन-येऊन सहा मिनिटं लागली. तिथली माणसं नगावर होती, म्हणजे जितके नग तितकी मजुरी. सहा मिनिटं म्हणजे त्यांच्या मजुरीतून गेलेले पैसे, म्हणून ती पाणी प्यायलाच जात नव्हती. दुपारी चारनंतर चक्कर येण्याच्या तक्रारी का वाढतात, त्याचं उत्तर तिथेच होतं. खात्यातच दोन थंड पाण्याचे जार आणि माठ ठेवले. खर्च किरकोळ होता.

बायकांचा संडास वेगळा आहे का, आतून कडी लागते का, पाणी येतं का, दिवा चालतो का, हे एखाद्या महिला सहकाऱ्याला बघायला सांगा. बायका याबद्दल पुरुष अधिकाऱ्यासमोर बोलणार नाहीत.

हत्यारं. हातमोजे, ब्लेड, पाना, झाडू, ट्रॉलीची चाकं. भंगार हत्याराने चांगलं काम मागणं हा अन्यायच आहे.

तपासणी: पुढे जाण्याआधी या पाचांपैकी किमान तीन गोष्टी प्रत्यक्ष सुधारलेल्या दिसायला हव्यात. नुसत्या मंजूर झालेल्या नव्हे, सुधारलेल्या.

## पायरी ३: शेठकडून तीन गोष्टी लिहून घ्या

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. मालकाशी बसा आणि कागदावर घ्या: पुढच्या तीन महिन्यांसाठी किती रक्कम खर्च करता येईल, किती रकमेपर्यंतचा निर्णय सुपरवायझर कोणाला न विचारता घेऊ शकेल, आणि महिन्यातून एक तास शेठ स्वतः शॉपफ्लोअरवर कधी येतील. तिसरी गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड जातं. रक्कम लहान असली तरी चालेल. सुपरवायझरला दोन हजारांपर्यंतचा अधिकार मिळाला तरी हातमोज्यांसाठी तीन सह्या लागत नाहीत.

शेठ म्हणाले, "आधी सर्व्हे करा, मग बघू," तर थांबा. तुम्ही विचारणार आणि काहीच होणार नाही. विचारून काही न करण्यापेक्षा न विचारणं बरं, कारण एकदा तोंड उघडून हात रिकामे राहिले की पुढच्या वेळी माणूस बोलत नाही.

## पायरी ४: सुपरवायझरवर सगळ्यात जास्त वेळ घाला

गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या मते गटागटांतल्या बांधिलकीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७० टक्के फरक त्या गटाच्या प्रमुखाशी जोडलेला असतो. मला या आकड्याचं नवल वाटत नाही. कामगारासाठी कंपनी म्हणजे शेठ नव्हे आणि एचआरही नव्हे. सकाळी सात वाजता जो माणूस त्याला कोणत्या मशीनवर उभं करायचं ते ठरवतो, ती त्याची कंपनी.

आणि आपल्याकडे सुपरवायझर बनतो कसा? चांगला ऑपरेटर असतो, दहा वर्षं झालेली असतात, म्हणून एक दिवस त्याला वेगळ्या रंगाचा शर्ट मिळतो. माणसांशी कसं बोलायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. तो त्याच्या जुन्या सुपरवायझरसारखं ओरडतो.

पाइपच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. प्लँटवर पाइप ओढणाऱ्या हॉल-ऑफचा पट्टा अधूनमधून घसरत होता. घसरला की पाइपच्या भिंतीची जाडी बदलायची. तिथल्या हेल्परच्या ते लक्षात आलं. जिथे घसरायचं तिथे तो खडूने पाइपवर आडवी रेघ मारून ठेवायचा. त्याने सुपरवायझरला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा उत्तर मिळालं "बघतो". दुसऱ्यांदा "तू तुझं काम कर". तिसऱ्यांदा उत्तरच मिळालं नाही. चौथ्या दिवसापासून त्याने रेघा मारणं सोडून दिलं. पुढे एका पाळीचा बराच माल जाडी कमी-जास्त भरली म्हणून रद्दीत गेला, तेव्हा सगळे त्याच्यावरच ओरडले, "तुला दिसलं नाही का?" मी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन जुन्या ढिगातले पाइप बघत होतो, तेव्हा पुसट झालेल्या खडूच्या रेघा सापडल्या. प्रत्येक रेघेजवळ जाडी चुकलेलीच होती.

त्या माणसाची बांधिलकी कमी नव्हती. ती त्या तीन उत्तरांनी संपवली.

म्हणून सुपरवायझरांना दोन सवयी लावा. चार-सहा आठवडे त्यांच्याबरोबर उभं राहूनच लावाव्या लागतात, एका दिवसाच्या प्रशिक्षणाने लागत नाहीत.

*पाळीच्या सुरुवातीची सात मिनिटं.* उभ्या उभ्या, मशीनजवळ. कालच्या पाळीत काय झालं, आज काय करायचं, आणि तुमचं काय अडलंय. तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसायला शिकवा. पहिल्या आठवड्यात कोणी बोलणार नाही. सुपरवायझर येऊन सांगेल, "यांना काही अडचण नाही." त्याला म्हणा, अजून दहा दिवस विचार. आणि ही सात मिनिटं पाळीच्या वेळेतच हवीत. पाळीआधी लवकर बोलावून घेतलीत तर ती माणसाच्या घरच्या वेळेतून चोरलेली सात मिनिटं ठरतात. गावाहून एसटीने येणाऱ्याला तर ते शक्यही नसतं.

*बिघाडाची वही.* प्रत्येक खात्यात एक, दोरीने बांधलेली, सगळ्यांना दिसेल अशी. पाच रकाने: तारीख, काय अडलं, कोणी सांगितलं, कोणाकडे दिलं, केव्हा झालं. लिहिता न येणाऱ्याचं सुपरवायझरने लिहायचं आणि वाचून दाखवायचं. सांगितल्यापासून ४८ तासांत उत्तर मिळालंच पाहिजे. उत्तर "होणार नाही, कारण अमुक" असं असलं तरी चालेल.

बोलण्याचंही ठरवून घ्या. वयाने मोठ्या माणसाला "दादा" किंवा "भाऊ", बाईला "ताई" किंवा "मावशी", आणि हाक नावाने, टोकन नंबरने नव्हे. चूक दाखवायची ती बाजूला घेऊन. चारचौघांत ओरडा खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो, पण तेवढाच येतो.

तपासणी: वहीत पहिल्या महिन्यात नोंदी वाढल्या तर घाबरू नका. तो चांगला संकेत आहे. नोंदी एकदम थांबल्या तर मात्र खात्यात जाऊन उभं राहा. एकतर सगळं सुरळीत झालंय, किंवा लोकांनी पुन्हा बोलणं सोडलंय. पहिली शक्यता फार क्वचित असते.

## पायरी ५: समोरासमोर ऐका

आता विचारायची वेळ आली. पण अजून कागदावर नाही.

सहा ते आठ जणांचा गट, एकाच पातळीचे, सुपरवायझर आणि मुकादमाशिवाय. चहा ठेवा. वेळ पाळीतली असावी आणि नगावर काम करणाऱ्याला त्या वेळेची सरासरी मजुरी द्या, नाहीतर तो मनाने मशीनवरच असेल. कायम, ठेक्यावरचे, बायका यांचे गट वेगळे ठेवा. बायकांचा गट बाईनेच घ्यावा.

भाषेचा विचार नीट करा. इथला माणूस साहेबाशी प्रमाण मराठीत बोलू लागला की मोजकंच बोलतो. अहिराणीत आला की मोकळा होतो. रावेर-यावलकडचे लेवा बोलीत बोलतील. नंदुरबारच्या डोंगरातून आलेले भिलीत किंवा पावरीत. तुम्हाला ती बोली येत नसेल तर त्यांच्यातलाच, त्यांच्या विश्वासातला माणूस दुभाषा म्हणून घ्या. मुकादम दुभाषा नको. ज्याच्या हातात उचल आणि काम दोन्ही असतं, त्याच्या तोंडून तक्रार येत नाही.

प्रश्न असे विचारा: "काल पाळीत तुमचं काम कशामुळे अडलं?" "मागच्या महिन्यात काही चांगलं केलं आणि कोणाच्या लक्षात आलं, असं झालं का?" "नवीन माणूस आला तर त्याला तुम्ही पहिली कोणती गोष्ट जपायला सांगाल?" हा तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. उत्तरात धोक्याची मशीनं आणि धोक्याची माणसं दोन्ही बाहेर येतात. "तुम्ही खूश आहात का" हे विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

इशारा: गटात कोणी बाई छळाचा उल्लेख करते आहे असं दिसलं तर तिथेच खोदून विचारू नका आणि चर्चाही होऊ देऊ नका. ते प्रकरण अंतर्गत समितीकडे जायला हवं. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने ही समिती बंधनकारक आहे. समिती कागदावरच असेल तर ही पायरी सुरू करण्याआधी ती खरी करा. तसंच वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते. ती चालू आहे का तेही बघा. बांधिलकीचं काम या समित्यांच्या जागी येऊ शकत नाही.

## पायरी ६: आता प्रश्नावली

नऊ-दहा प्रश्न पुरतात. उत्तरं तीनच: हो, कधीकधी, नाही. पाच खणांच्या फॉर्मवर लोक मधला खण धरतात. मी वापरतो ते प्रश्न साधारण असे:

१. आज मला काय काम करायचं आहे, हे पाळी सुरू होताना मला नीट कळतं.
२. कामाला लागणारं सामान आणि हत्यार मला वेळेवर मिळतं.
३. मी सांगितलेल्या अडचणीचं उत्तर मला मिळतं.
४. माझा सुपरवायझर माझ्याशी मानाने बोलतो.
५. चांगलं काम केलं तर कोणीतरी ते सांगतं.
६. चूक झाली तर ती मी न घाबरता सांगू शकतो किंवा शकते.
७. माझ्या पगाराचा हिशेब मला समजतो.
८. इथे मला नवीन काही शिकायला मिळतं.
९. माझ्या भावाला किंवा बहिणीला मी इथे कामाला लावीन.

शेवटचा प्रश्न एकटा घेतला तरी बरंच सांगतो. घरचं माणूस आणून उभं करणं म्हणजे आपली अब्रू पणाला लावणं, आणि ते कोणी उगाच करत नाही.

घ्यायची पद्धत प्रश्नांइतकीच महत्त्वाची आहे. नाव नको, टोकन नंबर नको. वय, गाव आणि खातं तिन्ही एकत्र विचारू नका, त्यावरून माणूस ओळखू येतो. सगळ्यांना एकसारखे पेन द्या. कुलूप लावलेली पेटी ठेवा आणि ती कामगारांसमोर उघडा. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रश्न मोठ्याने वाचायला बाहेरचा माणूस घ्या. जवळच्या कॉलेजचे विद्यार्थी चालतात, ऑफिसातला कारकून नको. मोबाइलवरचा फॉर्म टाळा. आपला नंबर कंपनीकडे जातो अशी भीती खरी असो वा नसो, ती उत्तर बदलते.

पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे काढू नका. त्याला शेजारच्या खात्यात मिसळा.

दिवस निवडताना पगाराच्या दिवसाजवळचा आणि दिवाळी बोनसच्या आधीचा आठवडा सोडा. एकीकडे आनंद बोलतो, दुसरीकडे भीती.

नेहमीची चूक: सरासरी काढणं. "आपला गुण ३ पैकी २.४" यातून काही कळत नाही. प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी "हो" म्हटलं ते पाळीनिहाय लिहा. दिवसपाळीत ५२ पैकी ४० जण म्हणतात अडचणीचं उत्तर मिळतं, आणि रात्रपाळीत ३० पैकी ९ जणच, तर तुमचा प्रश्न कंपनीचा नाही, रात्रपाळीचा आहे. सरासरीने तो झाकला गेला असता. आणि सगळ्याच उत्तरांत ९५ टक्के "हो" आलं तर आनंद मानण्याआधी फॉर्मवरच्या खुणा आणि शाई बघा.

## पायरी ७: पंधरा दिवसांत परत सांगा

फलक लावा, तीन रकान्यांचा: होणार आणि केव्हा, वेळ लागेल आणि का, होणार नाही आणि का. प्रत्येक पाळीसमोर शेठने किंवा कारखाना व्यवस्थापकाने वाचून दाखवावा. रात्रपाळीलाही, म्हणजे रात्री येऊन. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. "बस चालू करणं यंदा परवडणार नाही, पण पाळीची वेळ एसटीशी जुळवतो" हे ऐकलेल्या माणसाला आपलं म्हणणं पोचल्याचं कळतं. गोड शब्दांत टाळलेलंही त्याला कळतं.

कोणी काय बोललं याचा शोध घ्यायला एखादा सुपरवायझर निघाला तर त्याला त्याच दिवशी थांबवा. इथे ढिलाई झाली तर मागच्या सहा पायऱ्या वाया गेल्या समजा.

## पायरी ८: दोनच कामं निवडा

वीस कलमी आराखडा नको. एक काम असं घ्या जे ३० दिवसांत डोळ्यांना दिसेल, आणि एक असं जे ९० दिवसांत पद्धत बदलेल. प्रत्येकाला एक नाव आणि एक तारीख. समितीचं नाव नको, माणसाचं हवं.

पद्धत बदलण्याचं उदाहरण देतो. नगावर मजुरी असलेल्या ठिकाणी माणसं खराब नग चांगल्यात सरकवतात आणि आपण म्हणतो यांना दर्जाची फिकीर नाही. पण मशीन बंद पडली की मजुरी बंद, आणि दोष दाखवला की मशीन थांबणार. मग तो कशाला दाखवेल? बिघाडामुळे थांबलेल्या वेळेची ठरावीक मजुरी सुरू करा, आणि सुरुवात एकाच खात्यात करून बघा. माणसाचा स्वभाव बदलायला जाण्याआधी त्याला कशाची शिक्षा होते आहे ते तपासा.

जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं), डाळ मिल यांसारख्या हंगामी कामात नऊ पायऱ्यांना वेळ नसतो. पायरी २ हंगामाआधीच पूर्ण करा, पायरी ४ पहिल्या आठवड्यात, पायरी ५ तिसऱ्या आठवड्यात. प्रश्नावली सोडून द्या. तिच्याऐवजी हंगाम संपताना प्रत्येकाला एकच विचारा: "पुढच्या हंगामात येणार का, आणि नसाल तर काय कमी पडलं?" परत आलेल्यांची टक्केवारी हेच तुमचं मोजमाप.

## पायरी ९: ९० दिवसांनी तेच पाच आकडे

पायरी १ चा कागद काढा आणि शेजारी नवे आकडे लिहा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडा. जिथे काहीच बदल केला नाही, असं एक खातंही शेजारी ठेवा. दोन्हीकडे गैरहजेरी सारखीच घटली असेल तर ती तुमच्या कामामुळे घटलेली नाही, हंगाम सरल्यामुळे घटली आहे.

आकडे हलण्याचाही एक क्रम असतो. माझ्या अनुभवात आधी वहीतल्या नोंदी वाढतात, मग छोट्या इजा आणि रद्दी कमी होते, नंतर गैरहजेरी, आणि गळती सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा दिवाळी किंवा आखाजी उलटल्यावरच. तीन महिन्यांत गळती घटली नाही म्हणून काम बंद करू नका. रद्दी आणि नोंदी दोन्ही जागच्या जागी असतील तर मात्र पायरी ४ वर परत जा.

दुसरी प्रश्नावली सहा महिन्यांच्या आत नको. ती छापायला देण्याआधी प्रत्येक खात्यातली बिघाडाची वही मागवा आणि शेवटचा रकाना बघा. "केव्हा झालं" या रकान्यात रिकाम्या जागा दिसल्या, तर छपाई थांबवा आणि त्या जागा भरायला लागा.